देवळीतला गिलास

तुमच्या घरातला बाहेरचा गिलास कुठं असतो?

नाही म्हणायची घाई करू नका. ओसरीच्या खांबामागं पाहा. गोठ्याच्या आडव्या लाकडावर पाहा. नळाजवळच्या भिंतीवर एखादा कान तुटलेला कप उपडा घातलेला असेल. शहरात असाल तर भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा चहा कशात ओतला जातो, आणि तो कप धुतल्यावर कुठल्या कोपऱ्यात जातो, तेवढं आठवा. आमच्या घरी तो ओसरीतल्या देवळीत असायचा. देवळी म्हणजे भिंतीतला छोटा कोनाडा. स्टीलचा गिलास, बुडाला पोचा पडलेला, त्यामुळं ठेवला की किंचित एका बाजूला कलायचा. सोंगणीला म्हणजे कापणीला, निंदणाला येणाऱ्या बायामाणसांना त्यातून पाणी मिळायचं. आमच्या घरातल्या सगळ्या भांड्यांवर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं होतं, कुठं आजोबांचं, कुठं मामाचं. त्या गिलासावर नाव नव्हतं.

परवा अनसिंगच्या स्टँडवर उभी होते. मार्चचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं. काळीपिवळी जीपमधून दहावीच्या पोरी उतरत होत्या, छातीशी पॅड, हातात पारदर्शक पाऊच, त्यात दोन निळे पेन आणि घडी पडलेलं हॉलतिकीट. एकीनं दुसरीला विचारलं, "अवं, गोदावरी कुठून निंगते वं?"

"माह्या डोक्यातून तं कवाचीच निंगून गेली."

दोघी हसत हसत शाळेच्या फाटकाकडं गेल्या. कुठल्या तरी शेतात हळद शिजत होती. तो वास ज्यांनी घेतला नाही त्यांना कसा सांगावा? ओली माती, धूर, आणि त्यात काहीतरी कडवट-गोड, घशाशी येऊन थांबणारं. मी स्टँडवर उभी राहिले, गाडी आली आणि गेली. माझ्या बाकावरची अर्चना असती तर तिनं गोदावरीबद्दल बरोबर सांगितलं असतं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबांची साडेतीन एकर जमीन, विहिरीखालच्या तुकड्यात हळद, बाकी सोयाबीन आणि हरभरा. आणि बाबांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे. वाशीमहून छापून यायचे, गुलाबी, पिवळे, कधी पांढरे. संध्याकाळी आम्ही सगळे जमिनीवर बसून घड्या घालायचो. 'कमळ', 'बदक' वाचायच्या आधी मला 'बंधू-भगिनींनो' वाचता येत होतं. पत्रकातलं प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हावर संपायचं, त्यामुळं शाळेत पूर्णविराम शिकवला तेव्हा मला तो फार मवाळ वाटला. उरलेली पत्रकं आई डब्यांखाली अंथरायची. तिखटाच्या डब्याखाली 'माणूस म्हणून जगण्याचा हक्क', तेलाच्या बरणीखाली 'एक व्हा'. तेलानं तो कागद इतका पारदर्शक झाला होता की अक्षरं फळीवरच छापल्यासारखी दिसायची.

देवळीतल्या गिलासाखालीही पत्रक होतं असं मी लिहिलं तर लेख चांगला रंगेल. पण नव्हतं. तिथं नुसतं सिमेंट होतं.

बाबा खोटे नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना ढोंगी म्हणाल. ते कुणाच्याही घरी जेवायचे, कुणाच्याही अंत्ययात्रेला खांदा द्यायचे, दाखल्यासाठी कुणाहीबरोबर तहसीलला चार चकरा मारायचे. लोकांच्या घरी ते कुठल्याही भांड्यातून पाणी प्यायचे. आपल्या घरी कोण कुठल्या भांड्यातून पितं, हे मात्र त्यांना कधी दिसलं नाही. माझ्या बाबांना वाईट माणूस म्हणता आलं असतं, तर हे लिहिणं किती सोपं झालं असतं.

अर्चना तांड्यावरची. नाला ओलांडला की बाभळी, बाभळींच्या पलीकडं तिचा तांडा. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. दिवाळी झाली की तिच्या घरची माणसं ऊसतोडीला जायची, ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, शेळी आणि अर्चना. परत यायची तोवर शाळेचं अर्धं वर्ष गेलेलं असायचं. मग मी तिला वह्या द्यायचे आणि ती मला नकाशा समजावून द्यायची. महाराष्ट्राचा नकाशा तिला ट्रकमधून पाठ होता. नद्या तिला पुलांवरून ठाऊक होत्या. "हे भीमा," ती बोट ठेवून म्हणायची, "इथी आमची शेळी ट्रकातून उडी मारून पयाली होती." भूगोलाच्या मास्तरांनाही इतकं ठाम बोलता यायचं नाही.

दहावीच्या वर्षी ती गेली नाही. हट्टानं आजीजवळ तांड्यावर राहिली. तिची याडी, म्हणजे आई, जाताना तिला म्हणाली होती, पास झाली तर पुढं पाहू, नाही तर आमच्यासंगं यायचं. संगं येणं म्हणजे काय ते अर्चनाला माहीत होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोरीला कोयता नसतो, म्हणून आधी तिचं लग्न होतं.

मार्च आला. परीक्षेचं केंद्र अनसिंगला. तांड्यापासून सडकेवर यायलाच तासभर लागायचा, आणि सकाळची काळीपिवळी चुकली की पेपर चुकला. बाबा म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत तिले आपल्या घरी राहू दे. घर सडकेवर हाये, लाईट हाये. आपलीच पोरगी हाये ते." आई म्हणाली, "येऊ द्या न. दोन भाकरी जास्त." मला इतका आनंद झाला होता की मी माझी चादर धुवून तिच्यासाठी वाळत घातली.

ती आली तो दिवस मी पुन्हा पुन्हा पाहते. दुपार होती. पळस फुलला होता. अंगणात शिजवलेली हळद पसरलेली, तिच्यावरून वाफ निघत होती. खांद्याला नायलॉनची थैली, थैलीत पुस्तकं आणि एक ड्रेस, चेहरा उन्हानं लाल. आई शेतात होती. बाबा गावात गेले होते. घरात मी एकटी. ती ओसरीत टेकली आणि म्हणाली, "पानी दे वं पहिले, जीव जाऊन राह्यला." आणि माझा हात देवळीकडं गेला.

हात माझा होता. पत्रकं वाचून वाढलेल्या पोरीचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी डोळे वटारले नव्हते. तांड्यावरचं माणूस ओसरीत बसलं की हात तिकडं जातो, एवढंच त्या हाताला माहीत होतं. मी लोट्यातून पाणी ओतलं. अर्चनानं गिलास हातात घेतला, क्षणभर त्याच्या बुडाकडं पाहिलं, मग मान वर करून ओठ न लावता पाणी प्यायली. उठून गिलास धुतला. आणि देवळीत उपडा ठेवला. मला तेव्हा काहीही वाटलं नाही. मी तिला माझं वेळापत्रक दाखवायला घाई करत होते.

ते दिवस मला हवे आहेत. तो एक गिलास वगळून मला ते दिवस जसेच्या तसे परत हवे आहेत. पहाटे उठून आम्ही ओट्यावर बसायचो. लिंबाची पिवळी पानं वहीवर गळायची. जेवायला ती आत, चुलीजवळ, माझ्याशेजारी, माझ्यासारख्याच ताटात. दुपारी आईला हळदीचे गड्डे आणि हळकुंडं वेगळी करू लागायचो आणि एकमेकींना सनावळ्या विचारायचो. आमची बोटं इतकी पिवळी झाली होती की मराठीच्या पेपराला तिच्या हॉलतिकिटावर अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला, आणि पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, "लग्न आहे का घरी?" अर्चना म्हणाली, "नाई मॅडम, तेच टाळून राह्यली."

ती बाबांची पत्रकं मोठ्यानं वाचायची, ग्रामपंचायतीत दवंडी द्यावी तशा आवाजात. एकदा मध्येच थांबली.

"हे 'शोषित बांधवांनो' म्हंजे आमीच ना?"

"हो."

"मंग तांड्यावर एकबी कायले नाई आलं? आमचे कागद नाल्यातच वाहून जातेत काय?"

बाबा तिथंच घड्या घालत बसले होते. हसले, आणि दुसऱ्या दिवशी पन्नास पत्रकं घेऊन स्वतः तांड्यावर जाऊन आले. असे होते ते. बोलून दाखवलेली चूक ते लगेच दुरुस्त करायचे.

आणि आई एका संध्याकाळी मला कौतुकानं म्हणाली, "पोरगी लय समजदार हाये. सांगा नाई लागत तिले. आपला गिलास आपणच धुते, जागच्या जागी ठेवते." तेव्हा पहिल्यांदा मी देवळीकडं वळून पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी बीजगणित होतं. मी समीकरणांत डोकं घातलं.

बीजगणिताचा पेपर देऊन आम्ही परत आलो होतो. ओसरीत बसून उत्तरं ताडून पाहत होतो. शेजारच्या शांताकाकू आल्या, उंबऱ्याशी बसल्या.

"काय वं पोरीहो, सोडवलं का समदं?"

"सोडवलं काकू. त्यानं आमाले सोडलं का नाई, ते जूनमंदी समजन," अर्चना म्हणाली.

"मले घोटभर पानी दे बरं कोनी."

मी उठले, आत गेले, मांडणीवरचा आजोबांच्या नावाचा गिलास घेतला, भरून आणला. काकू पाणी प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि गेल्या. अर्चना प्रश्नपत्रिकेची घडी घालत होती. तिनं माझ्याकडं न पाहता म्हटलं, "काकूसाठी तू आत गेली."

मला कळलं नाही असं म्हणणार होते. पण कळलं होतं.

"तो गिलास असाच असते वं तठी," मी म्हणाले. "कोनासाठीबी."

"कोनासाठीबी नाई. मले माईत हाये कोनासाठी. माह्यी याडी तुमच्या सोंगणीले येते तं त्याच्यातच पेते. बुडाले पोचा हाये. मी पहिल्याच दिशी ओयखला त्याले."

ती रडली नाही, रागावली नाही. ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसं ती 'ओयखला' म्हणाली.

मी उठून गिलास आत नेला आणि मांडणीवर ठेवला, सगळ्या नावांच्या मध्ये. संध्याकाळी आईनं तो उचलला. "हा इथी कसा आला? बाहेरचा हाये न तो," म्हणत पुन्हा देवळीत ठेवला, जशी गोठ्यातली बादली चुकून घरात आल्यावर कुणी परत नेऊन ठेवतं. मी भांडले. पत्रकातलं सगळं बोलले, हक्क, माणुसकी, लाज. आईला खरंच समजलं नाही. "तिले मी उपाशी ठेवलं काय? माह्याजवळ झोपते, माह्या ताटात जेवते. एका गिलासाचं काय धरून बसली तू?" मी बाबांकडं पाहिलं. बोलून दाखवलेली चूक लगेच दुरुस्त करणारे माझे बाबा. ते म्हणाले, "तुहं बरोबर हाये बाई. पण पेपर चालू हायेत. घरात कटकट नको. परीक्षा होऊ दे, मंग बोलू तुह्या मायसंग." आणि त्यांनी पुढच्या पत्रकाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी अर्चनानं थैली भरली. "आजी एकटीच हाये. जाऊन राह्यली मी." आईनं तिला गुळपोळी बांधून दिली. कुणी कुणाशी वाईट बोललं नाही.

उरलेल्या पेपरांना ती अंधारातच तांड्यावरून निघायची आणि सडकेवर माझ्या आधी येऊन उभी असायची, पायावर धूळ. काळीपिवळीत माझ्याशेजारीच बसायची. तिनं आता स्वतःची बाटली आणली होती. एकदा ती माझ्यापुढं धरून म्हणाली, "घे. तोंड लावून पे. आमच्यात चालते." मी प्यायले. इतकं कडू पाणी मी नंतर कधी प्यायले नाही, आणि इतकं मायेनं दिलेलंही नाही.

ती पास झाली. भूगोलात माझ्यापेक्षा जास्त.

त्या पावसाळ्यात तिची आजी गेली. अनसिंगच्या कॉलेजात आम्हा दोघींची नावं लागली होती, पण दिवाळीनंतर सगळा तांडा गेल्यावर ती राहणार कुठं, हा प्रश्न होता. उत्तर एकच होतं. सोयाबीनची सोंगणी चालू असताना तिची याडी आमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसली, मागं अर्चना उभी. याडीनं पाणी मागितलं, तिला देण्यात आलं. मग ती बाबांना म्हणाली, "भाऊ, पोरीले ठेवून घ्या. शिकते म्हंते."

"विचारता काय बाई," बाबा म्हणाले, "आपलीच पोरगी हाये."

अर्चनानं माझ्याकडं पाहिलं. "गिलास कुठं हाये?"

मार्चपासून मी तो तीन वेळा आत नेला होता आणि तीन वेळा तो परत गेला होता. बाबांचं 'मंग बोलू' अजून यायचं होतं. मी देवळीकडं पाहिलं. तिची याडी नुकतीच त्यातून पाणी प्यायली होती, कडेवरून थेंब ओघळत होता. खोटं बोलता आलं असतं. "तठीच हाये," मी म्हणाले.

"मंग राहू दे."

याडीनं तिला त्यांच्या बोलीत रागावून काहीतरी विचारलं. बाबा म्हणाले, "काय झालं?" त्यांना कुणीच सांगितलं नाही.

मी तिच्यामागं नाल्यापर्यंत पळत गेले. तुम्ही आता जे विचारताय तेच मी तिला विचारलं. एका गिलासासाठी कोणी शिक्षण सोडतं का? ती थांबली. म्हणाली, "मी शाळा सोडून राह्यली वं. तुमाले एक गिलास नाई सोडता येत?"

दिवाळीनंतर ट्रक गेले. पुढच्या वर्षी तिचा कोयता झाला. आता तिला दोन मुलं आहेत. तिचा नंबर बदलत राहतो, पण दर नव्या नंबरावरून ती मला एकदा फोन करते. मागं उसाच्या पाल्याची सळसळ असते. कुठल्या नदीजवळ आहे ते सांगते. गिलासाबद्दल तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मी वाट पाहते, तिनं विचारावं म्हणून.

आता पत्रकं मी लिहिते. वाशीमला खोली घेऊन राहते, बाबांपेक्षा उद्गारचिन्हं कमी वापरते. पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा तो गिलास मी पिशवीत घालून सोबत नेला. वाटलं, संपलं. महिन्यानं घरी आले तर देवळीत प्लॅस्टिकचा हिरवा गिलास होता. आईनं कुठला कट केला नव्हता. जागा रिकामी दिसली, तिनं भरली. तेव्हा मला कळलं की मी चोरी चुकीच्या वस्तूची केली होती.

यंदा मार्चमध्ये घरी गेले तेव्हा पोच्याचा गिलास परत आणला. अंगणात हळद वेगळी करायला पाच बाया होत्या, तांड्यावरच्या आणि गावातल्या, आई त्यांच्यात बसलेली. ती म्हणाली, "पानी आण वं सगळ्याइले." मी मांडणीवरचे सहा गिलास काढले, पाच नावांचे आणि एक पोच्याचा. परातीत ठेवले, भरले. बायांना नावांचे दिले. आईला पोच्याचा.

तिनं तो हातात घेतला. बोटानं बूड चाचपलं. सगळ्या बायांच्या ते लक्षात आलं, हळकुंडं मोडायचा आवाज थांबला. बाबा ओसरीत उभे होते, या वेळी त्यांनाही दिसलं. आई मान वर करून पाणी प्यायली. ओठ न लावता. मग तिच्या हातावरून पाणी गळ्यावर सांडलं, आणि तांड्यावरच्या एका म्हातारीनं पदरानं ते पुसलं. "सवय नाई न तुले," ती म्हणाली. "वरून प्याले सवय लागते बाई." सगळ्या हसल्या. आईही हसली. बराच वेळ तिनं गिलास खाली ठेवला नाही. संध्याकाळी मी पाहिलं, देवळी रिकामी होती, हिरवा गिलासही नव्हता. दुसऱ्या सकाळी तिथं कंदील होता. तो किती दिवस राहील, माहीत नाही.

मला अर्चनाला एक फोन करायचा आहे, एकाच वाक्याचा. 'गिलास आत आहे.' अजून केलेला नाही. एका मार्चच्या भरवशावर करायचा नाही. ती परत शाळेत येणार नाही, आमच्या ओट्यावर वही उघडून बसणार नाही, हे मला कळतं. तरी ते वाक्य तिला खरं सांगता यावं, एवढीच ओढ उरली आहे.

तुम्हाला एक काम सांगते. हे वाचून झाल्यावर उठा आणि तुमच्या घरातला तो गिलास शोधा. फेकू नका, लपवू नका, कुणाला दान देऊ नका. आत आणा, तुमच्या गिलासांत मिसळा, आणि आज त्यातून तुम्ही पाणी प्या. ओठ लावून. उद्या जी दारात येईल, तिला तुमच्या नावाच्या गिलासातून पाणी द्या. रिकाम्या झालेल्या जागेवर मात्र लक्ष ठेवा, ती भरायला फार वेळ लागत नाही. आणि तुमच्या ओसरीवरून कधी कुणी 'राहू दे' म्हणून परत गेली असेल, तर तिचा नंबर शोधून ठेवा.

घर तसं झालं की तिला फोन करा.